मानमोडीच्या साली आमच्या घरात नेमकं काय झालं, हे कसं शोधायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळ गाव निफाड तालुक्यातलं. पणजीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा घरातली सात माणसं आठ दिवसांत गेली. घरात ती एकटी वाचली, तीही कांद्याच्या रसावर. पणजोबा त्या वेळी मनमाडला रेल्वेत कामाला होते, म्हणून ते उरले. कोणी याला प्लेग म्हणतं, कोणी मानमोडी. ही हकीकत सांगू शकणारी आजी, म्हणजे त्या पणजीची सून, आता पंच्याऐंशीची आहे. तिला काय विचारायचं, आणि कागदोपत्री काही सापडेल का?

नाशिक जिल्ह्यातल्या घराण्यांचे जुने मोडी कागद वाचणं आणि वंशावळी लावून देणं हे माझं कित्येक वर्षांचं काम. कोरोनानंतर या साथीबद्दल विचारणारे बरेच वाढले, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

प्लेग की मानमोडी, म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची (फ्लूची) साथ, हे आधी ठरवून टाकू. मुंबईत प्लेग १८९६ मध्ये आला आणि पुढे कित्येक वर्षं तो फिरून फिरून येत राहिला. इथे जवळ भगूरला सावरकरांचे वडील दामोदरपंत १८९९ मध्ये प्लेगनेच गेले. प्लेगच्या आठवणी सांगताना तीन गोष्टी हटकून येतात: उंदीर पडले, काखेत किंवा जांघेत गाठ आली, आणि गाव सोडून माणसं माळावर झोपड्या घालून राहिली. मानमोडीच्या हकीकतीत यातलं काहीच नसतं. तिथे ऐकायला मिळतं ते असं: मान धरली, अंग मोडून आलं, ताप चढला, नाकातून रक्त आलं, चेहरा काळानिळा पडला. आणि सगळं घर एकदमच आडवं झालं. गाव सोडून जायला पायांत बळ कोणाच्या होतं? फ्लूची लागण झाल्यावर एक-दोन दिवसांतच माणूस आजारी पडतो, त्यामुळे एका छपराखालची सगळी माणसं दोन-तीन दिवसांच्या अंतराने झोपतात आणि जाणारी माणसंही पाठोपाठ जातात. तुमच्या घरातले ते 'आठ दिवस' मला म्हणूनच खरे वाटतात. सातचा आकडा मात्र कागद पाहिल्याशिवाय धरू नका. आकडे पिढ्यांमधून फिरताना गोल होतात, क्रम आणि नाती बहुधा टिकतात.

साल १९१८. ही साथ दोनदा आली. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, शहरभर ताप फिरला आणि ओसरला. ती लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती जीवघेणी. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं गेली. तिथून रेल्वेच्या रुळांनी ताप आत शिरला. इगतपुरी, नाशिकरोड, मनमाड ही सगळी त्याच रुळांवरची ठाणी, शिवाय देवळालीला लष्कराची छावणी. सालाची खूण आजीकडून काढायची असेल तर 'कोणत्या साली' असं विचारूच नका. शिर्डीला साईबाबांनी देह ठेवला तो दसरा १५ ऑक्टोबर १९१८ चा. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या 'बाबा गेले त्या दसऱ्याच्या आसपास' असं सांगत. नाशिककर सिंहस्थावरूनही मोजतात. या साथीनंतरचा सिंहस्थ १९२० चा. 'सिंहस्थाच्या आधी दोन वर्षं' असं कुणाच्या तोंडून आलं, तर सालाची खात्री झाली असं समजा.

त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. खरीप बुडालं, धान्याचे भाव चढले, युद्धामुळे महागाई होतीच. अर्धपोटी माणसांना तापाने गाठलं. देशभरात सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी माणसं दगावली असे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या एकाच दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. मरणारी माणसं बहुतेक फ्लूच्या पाठोपाठ आलेल्या न्यूमोनियाने गेली. पेनिसिलिनचा शोधच मुळी १९२८ चा. फ्लूचा विषाणू माणसात ओळखता आला तो १९३३ मध्ये. त्यामुळे तेव्हाच्या डॉक्टरांच्या हातात सुश्रूषेपलीकडे फारसं काही नव्हतं.

आता पणजीबद्दल. या साथीने म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं जास्त नेली, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त नेल्या. चूल, पाणी आणि आजाऱ्यांची उसाभर बाईकडेच. जेवायला शेवटी बसायचं तेही तिनेच. म्हणजे तुमची पणजी सर्वांत जास्त धोक्याच्या वयात, धोक्याच्या जागी उभी होती आणि तिथून परतली.

यावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. अशा घरांमध्ये एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. नवी नवरी घरात आली, वर्षाच्या आत घर रिकामं झालं, आणि तिच्यावर शिक्का बसला: पांढऱ्या पायाची. 'आली आणि घर खाल्लं.' तिच्या हातचं कोणी खाल्लं नाही, तिला मंगलकार्यात पुढे येऊ दिलं नाही, आणि तिनेही जन्मभर त्या आठ दिवसांबद्दल तोंड उघडलं नाही. तुमच्या पणजीच्या वाट्याला हे आलं असेलच असं नाही. पण ही हकीकत तिने फक्त सुनेला सांगितली आणि मुलांना नाही, असं असेल तर ती शंका मनात ठेवा. आजीला हळूच विचारा, 'सासूबाईंना कोणी बोल लावायचं का गं?' तसं झालं असेल तर त्या बाईची बाजू आज तुम्हाला मांडता येईल. तो ताप जगभर फिरत होता. निफाडच्या एका सुनेच्या पायगुणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

हेच पणजोबांबद्दल. रेल्वेतला माणूस आजार घेऊन आला, अशी कुजबूज काही घरांत आजही चालते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ताप प्रत्येक गाडीने, प्रत्येक आठवडी बाजाराने पसरत होता. एका माणसावर बोट ठेवता येईल असं काही राहिलंच नव्हतं.

कांद्याच्या रसाचं म्हणाल, तर त्याने फ्लू बरा होत नाही. आजही कोणी तसं सांगत असेल तर ऐकू नका. पण ही आठवण फेकूनही देऊ नका, कारण तिच्या पोटात एक प्रश्न आहे आणि माझ्या मते संपूर्ण हकीकतीतला तोच सर्वांत मोलाचा आहे. तापाने फणफणलेल्या मुलीला विळीवर कांदा चिरून, ठेचून, रस काढून घेणं शक्य नव्हतं. मग तो काढला कोणी? घरातली सगळी तर अंथरुणात किंवा सरणावर. म्हणजे कोणीतरी बाहेरचं माणूस त्या घरात पाऊल टाकत होतं, जिथे शिरायला गाव घाबरत होतं. पाण्याचा घोट, पेज, हुलग्याचं माडगं वेळेवर पोटात गेलं आणि अंग पुसून अंथरूण कोरडं राहिलं, तर कितीतरी माणसं त्या तापातून उठत. एरवी तरली असती अशी माणसंही, सगळं घर झोपल्यामुळे तहानेने आणि अशक्तपणाने गेली. म्हणून मी लोकांना सांगतो, वाचलं कोण ते तर लिहाच; पाणी कोणी पाजलं ते आधी शोधा.

आजीशी बोलायला बसाल तेव्हा हाच धागा धरा. 'साथीबद्दल सांग' म्हणालात तर ती पाठ झालेली गोष्टच सांगेल, सात माणसं आणि आठ दिवस. त्याऐवजी कामांबद्दल विचारा. आडावरून पाणी कोणी आणलं? चूल किती दिवसांनी पेटली, पहिल्यांदा काय शिजलं? गोठ्यातली गुरं कोणी सोडली, धार कोणी काढली? लाकडं कुठून आणली? खांदा द्यायला माणसं होती का? सासूबाईंना उठून बसता आलं तेव्हा घरात कोण होतं? मनमाडला निरोप कोणी नेला, आणि पणजोबा आले तेव्हा त्यांना कोणी सांगितलं? सुनेने सासूकडून ऐकलेली गोष्ट बहुधा चुलीपुढे, निवडण-टिपण करताना ऐकलेली असते. तिथेच परत नेलं की तपशील येतात. फोनवर रेकॉर्डिंग लावून तो बाजूला ठेवा, मध्ये बोलू नका, चुकलेलं दुरुस्त करू नका. एका बैठकीत उरकायला जाऊ नका. आजी गप्प झाली तर गप्प राहू द्या, दुसऱ्या दिवशी तीच आपणहून विषय काढेल.

अशा बोलण्यातून काय हाती लागतं, त्याचं एक उदाहरण. सिन्नर तालुक्यातल्या एका घरातून दरवर्षी नव्या बाजरीची पहिली पाटी गावकुसाबाहेरच्या एका घरी जायची. का, हे कुणालाच माहीत नव्हतं. 'आपल्याकडे पद्धत आहे' एवढंच. घरातल्या थोरल्या आत्याबाईंना मी पाण्याचे आणि दुधाचे हेच प्रश्न विचारले. मानमोडीत त्यांच्या आजीला जाऊन दोन दिवस झाले होते, तान्हं मूल रडून रडून निपचित पडलं होतं, आणि त्या वस्तीतल्या एका बाईने स्वतःचं लेकरू एका मांडीवर आणि हे दुसऱ्या मांडीवर घेऊन दोघांना पाजलं. तेच मूल पुढे त्या घराचा कर्ता झालं. घरच्यांनी पाटी पाठवली, भाऊबीजेला चोळीही पाठवली, पण ज्या बाईच्या दुधावर घराणं उभं आहे तिला त्यांनी कधी ओट्यावर बसवलं नाही आणि तिचं नावही पुढच्या पिढीला सांगितलं नाही. आत्याबाई हे सांगताना रडल्या. नाव शेवटी त्या दुसऱ्या घरातून मिळालं, कारण त्यांच्याकडे ते कोणी विसरलं नव्हतं. आता ते त्या घराण्याच्या वंशावळीच्या पहिल्या पानावर आहे, आणि ते तिथे लिहिलं गेलं याचं मला फार समाधान आहे.

कागदांकडे वळू. पहिला कागद गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी अशा वह्या मोठ्या प्रमाणावर बाहेर काढून स्कॅन केल्या गेल्या, त्यामुळे आधी तिथे विचारूनही सापडली नसती अशी पानंही आता हाती लागू शकतात. अर्ज करा, नक्कल मागा. नोंदी बहुतेक मोडीत असतील.

१९१८ चं पान कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे समोर आल्यावर ओळखाल. लहान गावाच्या वहीत एरवी महिनाच्या महिना एका पानात मावतो: दोन जन्म, एक मृत्यू, मोकळी जागा. आश्विनात तीच वही ओळीला ओळ लागून भरत जाते. एकाच आडनावाच्या नोंदी एकाखाली एक येतात, वयं पंचवीस, तीस, बावीस, अठरा. रोगाच्या रकान्यात पहिल्या नोंदीपुढे 'ताप', खाली नुसत्या रेघा, तेच, तेच. मानमोडी किंवा इन्फ्लुएंझा हे शब्द शोधत बसाल तर रिकाम्या हाताने परत याल. गावच्या नोंदीत ही साथ 'तापा'च्याच खाती पडली. अशाच एका वहीत मध्येच अक्षर बदललेलं मी पाहिलं आहे. आधीचं वळणदार, सराईत अक्षर एका ओळीवर थांबतं आणि पुढे कोणी नवशिका जाड बोरूने लिहीत जातो. चार पानांनंतर जुनं अक्षर परत येतं, जरा थरथरतं. लिहिणारा स्वतःच अंथरुणाला खिळला होता, पण उठला. सगळ्याच गावांत तो उठला नाही, म्हणून या काळात पुष्कळ मृत्यू नोंदवलेच गेले नाहीत. तुमच्या घरातल्या सातांपैकी तीनच सापडले तर पणजीला खोटं पाडू नका.

जमीन असेल तर दुसरा कागद फेरफाराचा. हक्कनोंदीचा कायदा आपल्याकडे १९०३ पासूनचा, त्यामुळे १९१९-२० च्या वारसनोंदी मिळू शकतात. कोण मयत, वारस कोण, आणि मुख्य म्हणजे 'अज्ञान पालनकर्ता', म्हणजे अल्पवयीन वारसाचा पालक कोण, हे त्यात येतं. एका वर्षात एकाच गावात अशा अज्ञान मुलांच्या नोंदी एकामागून एक दिसल्या, की आईबाप कधी गेले ते वेगळं सांगावं लागत नाही. पालनकर्ता म्हणून मामाचं नाव असेल तर मूल आजोळी वाढलं असण्याची शक्यता धरा आणि आजोळच्या गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर पाहा.

तिसरी जागा नाशिकचीच. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण हे आजीला किंवा भाऊबंदांत कुणाला तरी माहीत असेल. नसेल तर पंचवटीत गाव आणि आडनाव सांगून चौकशी केली की माणूस सापडतो. अस्थी घेऊन आलेल्या माणसाने कोणाच्या अस्थी, कोण सोबत, मागे कोण हयात, हे लिहवून ठेवलेलं असतं. तिथे साल शकात असेल. शके १८४०, कालयुक्त नाम संवत्सर, त्यातले आश्विन-कार्तिक पाहा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण साथीत लगेच नाशिकला येणं किती घरांना जमलं असेल? १९२० च्या सिंहस्थातल्या नोंदी जरूर बघा. आधीची एखादी जुनी नोंद आणि सिंहस्थातली नोंद शेजारी ठेवली की मधल्या काळात कोण गळालं ते दिसतं. वह्या ही त्यांची खासगी मिळकत आहे. नीट विचारून, दक्षिणा ठेवून, त्यांच्या समोर बसूनच पाहायच्या.

चौथी जागा तुमचं देवघर, आणि ती बहुतेक लोक विसरतात. पितरांचे टाक किती आहेत, कुणाच्या नावाचे? घरात श्राद्ध कोणत्या तिथीला होतं? आश्विनातल्या पाठोपाठच्या दोन-तीन तिथींना वेगवेगळ्या माणसांची श्राद्धं होत असतील, तर ते कागदाइतकंच बळकट प्रमाण आहे. अविधवा नवमीला तुमच्याकडे सवाष्ण जेवायला घालतात का, आणि कोणासाठी? नाव कुणाला आठवत नाही पण पान वाढलं जातं, अशी घरं मला ठाऊक आहेत. तशी बाई तुमच्याकडे असेल तर ती पणजीची सासू किंवा जाऊ असू शकते. मुलांच्या नावांकडेही लक्ष द्या. साथीनंतर जन्मलेल्या मुलांत दगडू, धोंडू, भिका अशी नावं दिसली, तर त्याआधी त्या आईची मुलं गेली असावीत. काळाची नजर लागू नये म्हणून ठेवलेली ती नावं.

आणखी एक गोष्ट मनात असू द्या. मुंबई शहराचे तेव्हाचे आकडे जातवार उपलब्ध आहेत. खालच्या मानलेल्या जातींत दर हजारी ६१ माणसं गेली, इतर हिंदूंत १९ च्या आसपास, युरोपियनांत ८. फरक रक्ताचा नव्हता, दाटीवाटीच्या खोल्यांचा, उपासमारीचा आणि औषधपाण्याचा होता. ज्यांच्यात जास्त माणसं गेली त्यांच्याकडे सातबारा नव्हता, वंशावळ लिहून ठेवायची सोय नव्हती. निफाडच्या वहीत तुमच्या आडनावाच्या पानाशेजारी अशा कितीतरी नोंदी असतील: नुसतं एकेरी नाव, वय, ताप. तुमचं पान वाचून झालं की पुढची दोन पानंही वाचा, आणि गावात त्यांचं कोणी असेल तर त्यांना त्याची प्रत पोचवा.

पणजी नंतर किती वर्षं जगली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण यासंबंधी एक शास्त्रीय गोष्ट तुमच्या आजीला सांगायला मला आवडेल. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १९१८ च्या साथीतून गेलेल्या ३२ वृद्धांचं रक्त तपासलं होतं. वयं एक्क्याण्णव ते एकशे एक. नव्वद वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं त्यांच्या रक्तात होती. पणजीच्या अंगातही ती असणार, शेवटपर्यंत.

सुरुवात आजीपासूनच करा, कागद थांबू शकतात. तहसीलच्या अर्जावर 'मानमोडीच्या साथीतल्या नोंदी' असं लिहू नका, कारकुनाला त्यातून काही शोधता येणार नाही. 'गाव नमुना १४, सप्टेंबर १९१८ ते जानेवारी १९१९, मृत्यू' असं लिहा, खाली गावाचं जुनं नाव आणि तेव्हाचा तालुका घाला, आडनावाची दोन-तीन जुनी रूपंही द्या. नक्कल मिळाली की दिवसाच्या उजेडात, सावली न पडू देता, पूर्ण पानाचा फोटो काढून पाठवा, फक्त तुमच्या ओळींचा नको. मोडी मी वाचून देईन.